आन्ना मान्यानी: ‘रोम, ओपन सिटी’च्या आधी आणि नंतर

इटालियन दिग्दर्शक रॉबेर्तो रोसेलिनीचा ‘रोम, ओपन सिटी’ हा चित्रपट १९४५ च्या सप्टेंबरात रोममध्ये पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा आन्ना मान्यानी ३७ वर्षांची होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, विस्कटलेले केस, घोगरा आवाज. त्या काळच्या इटालियन पडद्यावर नायिका अशी दिसत नसे. या एका भूमिकेने ती जगाला माहीत झाली. पण त्यामागे रंगमंचावरची कित्येक वर्षं होती आणि तिच्या अभिनयाचं मूळ तिथेच आहे, असं मला ठामपणे वाटतं.

तिचा जन्म ७ मार्च १९०८ चा, रोममधला. वडिलांचं छत्र नव्हतं, आई लवकरच इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला निघून गेली आणि मुलीला आजीने वाढवलं. रोमच्या नाट्यशाळेत शिक्षण घेताना ती पोटासाठी रात्री क्लबांमधून गायची. पुढे ती ‘रिव्हिस्ता’त रमली. रिव्हिस्ता म्हणजे नाच, गाणी आणि विनोदी प्रवेशांचा लोकप्रिय खेळ. युद्धकाळात तिथे टोटोसारखा अफाट विनोदी नट तिच्या जोडीला होता. समोरचा प्रेक्षक गप्प बसणारा नसे. आवडलं तर डोक्यावर घेई, नाही तर तोंडावर ओरडे. त्याच्याशी रोमच्या बोलीत, हजरजबाबीपणे भिडायची सवय तिला तिथे लागली.

सिनेमाला मात्र ती नको होती. मुसोलिनीच्या राजवटीत १९३७ मध्ये चिनेचित्ता हा भव्य स्टुडिओ उभा राहिला. त्या काळात श्रीमंत दिवाणखान्यांतल्या गुळगुळीत प्रेमकथांची चलती होती. दिवाणखान्यातल्या पांढऱ्या फोनवरून त्यांना ‘पांढऱ्या टेलिफोनचे सिनेमे’ असंच नाव पडलं. १९३५ मध्ये तिने गोफ्रेदो अलेस्सांद्रिनी या दिग्दर्शकाशी लग्न केलं, तरी तिच्या वाट्याला बहुतेक दुय्यम कामंच आली. दिग्दर्शक व्हिस्कोंतीच्या ‘ओस्सेस्सिओने’ या चित्रपटात मुख्य भूमिका मिळत होती, पण ती गरोदर होती आणि काम क्लारा कालामाईकडे गेलं. १९४२ मध्ये मुलगा लुका झाला. त्याला पोलिओने गाठलं.

मग युद्धाने ते दिवाणखाने निकालात काढले. ३ मार्च १९४४ रोजी, जर्मनांच्या ताब्यातल्या रोममध्ये, तेरेसा गुल्लाचे ही पाच मुलांची गरोदर आई पकडलेल्या नवऱ्याला गाठायला धावली आणि एका जर्मन सैनिकाच्या गोळीने मेली. ‘ओपन सिटी’तली पिना तिच्यावरून घडली. लग्नाच्याच दिवशी पिनाच्या होणाऱ्या नवऱ्याला ट्रकमध्ये कोंबून नेतात. सैनिकांचे हात झिडकारून ती ‘फ्रांचेस्को!’ असं ओरडत ट्रकमागे धावते, गोळ्या सुटतात आणि ती भर रस्त्यात कोसळते. मुलगा येऊन अंगावर पडतो. सिनेमा निम्माच झालेला असतो. इतक्या लवकर तिला नेल्याचा धक्का आजही बसतो. त्या धावण्यात कुठेही तोल सांभाळणारी नटी दिसत नाही.

रोसेलिनीच्याच १९४८ च्या ‘लामोरे’ या चित्रपटातली, मान्यानीनेच साकारलेली ‘चमत्कार’ ही कथा तर थेट कायद्याच्या इतिहासात गेली. एका भोळ्या गुराखी बाईला वाटसरू संत जोसेफ वाटतो, ती गरोदर राहते आणि पोटातलं मूल देवाचं मानते. न्यूयॉर्कने चित्रपटावर बंदी घातली, पण १९५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि सिनेमालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असा निकाल दिला. दरम्यान तिचा प्रियकर असलेला रोसेलिनी तिला सोडून इनग्रिड बर्गमन या अभिनेत्रीकडे गेला होता. तो स्ट्रॉम्बोली बेटावर बर्गमनला घेऊन चित्रपट करत असताना मान्यानी शेजारच्या बेटावर ‘व्हुल्कानो’ करत होती. वर्तमानपत्रांनी त्यावर भरपूर शाई खर्च केली. मला त्यात फारसा रस नाही.

अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सने ‘द रोझ टॅटू’ हे नाटक तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. इंग्रजीच्या धास्तीने तिने ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर करायला नकार दिला, पण १९५५ च्या चित्रपटात बर्ट लँकेस्टरसमोर तीच उभी राहिली आणि १९५६ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर जिंकलं. हा मान मिळवणारी ती पहिली इटालियन अभिनेत्री. नंतर ‘टू विमेन’मध्ये सोफिया लॉरेनच्या आईची भूमिका तिने नाकारली, अखेर ती आई लॉरेननेच साकारली आणि तिलाही ऑस्कर मिळालं. मान्यानीला १९६२ मध्ये दिग्दर्शक पासोलिनीचा ‘मम्मा रोमा’ मिळाला, पण तोवर तिला साजेशा भूमिका विरळ होत चालल्या होत्या. २६ सप्टेंबर १९७३ रोजी कर्करोगाने ती रोममध्येच गेली. शेवटच्या दिवसांत रोसेलिनी पुन्हा तिच्यापाशी होता.

‘ओपन सिटी’ पाहिला असेल तर पुढचा १९५१ चा व्हिस्कोंतीचा ‘बेलिस्सिमा’ पाहावा. घरोघर जाऊन इंजेक्शनं देणारी मद्दालेना लेकीला सिनेमात घालायला जीव टाकते. मुलीची स्क्रीन टेस्ट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर घेतलेली चाचणी, दाखवली जात असताना ती लपून बघते. पडद्यावर पोर रडते आहे आणि खाली बसलेले सिनेमावाले पोट धरून हसताहेत. सगळा प्रसंग मान्यानीच्या चेहऱ्यावर घडतो. नंतर करार पुढ्यात येतो, तेव्हा ती सही करायला नकार देते.