तैलरंग पंधराव्या शतकातल्या फ्लेमिश चित्रकार व्हॅन आयकने शोधला? छे!

जुनी धार्मिक चित्रं नकलून तैलरंग शिकताना हे हमखास कानावर पडतं. ही कंडी पिकवली चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या इटालियन वासारीने, १५५० साली. प्रत्यक्षात बाराव्या शतकातच थिओफिलस या साधूने जवसाच्या तेलात रंग खलायची कृती लिहिली होती. वर, वाळायला फार वेळ लागतो म्हणून कुरकुरही केली होती. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांतली तेलातली चित्रं तर सातव्या शतकातली.

व्हॅन आयकची खरी करामत थरांत आहे. व्हॅन आयक बंधूंच्या बेल्जियममधल्या गेंटच्या वेदीचित्रातला (चर्चच्या वेदीवरचं चित्र, १४३२) देवाचा लाल झगा नकलून बघा. नुसता लाल थापला तर मठ्ठ दिसतो. आधी अपारदर्शक हिंगुळी (भडक लाल) द्या. ती नीट वाळली की वरून पातळ, पारदर्शक किरमिजी. घड्यांच्या सावलीत तोच पुन्हा पुन्हा. घाई केलीत, तर ब्रशबरोबर खालचा थरही उचलून येतो.