टी-पेशीचा ब्रेक: तासुकू होन्जो यांचं संशोधन

टी-पेशी म्हणजे आपल्या रक्तातल्या लढाऊ पेशी. त्या तयार होत असताना ज्या आपल्याच शरीरावर उलटण्याची शक्यता असते, त्यांतल्या बऱ्याचशा तिथेच मरतात. हे मरण नेमकं कोणतं जनुक घडवून आणतं, याचा शोध १९९० च्या सुमारास क्योतो विद्यापीठात तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत चालला होता. यासुमासा इशिदा या तरुण सहकाऱ्याच्या हाती एक जनुक लागलं. १९९२ मध्ये ते जाहीर झालं. मरणाशी संबंध असावा या समजुतीने त्याला पीडी-१, म्हणजे ‘प्रोग्रॅम्ड डेथ-१’ असं नाव मिळालं. पेशी मारणं हे त्याचं काम नाही, हे नंतर कळलं. मग काम तरी काय?

होन्जो शिक्षणाने डॉक्टर. जन्म १९४२ चा, वैद्यकीय पदवी क्योतोची. त्यांच्या नावावर तोवर वेगळंच मोठं काम होतं. संसर्गाच्या सुरुवातीला शरीर एका प्रकारच्या अँटिबॉडी बनवतं आणि नंतर त्याच लक्ष्याला पकडणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या बनवू लागतं. पेशी यासाठी स्वतःच्या डीएनएचा तुकडा कापून टाकते, हे त्यांनी १९७८ मध्ये मांडलं होतं आणि ते घडवणारा एआयडी नावाचा एन्झाइमही पुढे त्यांच्याच गटाने शोधला. नुसत्या एवढ्या कामावरही त्यांचं नाव राहिलं असतं.

पीडी-१ चं काम कळावं म्हणून त्यांच्या गटाने ते जनुक नसलेले उंदीर तयार केले. उंदीर जन्मले, वाढले, आणि अगदी ठणठणीत दिसले. अशा वेळी हा नाद सोडून देणं सोपं होतं. पण त्यांनी ते उंदीर म्हातारे होऊ दिले. मग काहींचे सांधे सुजले, मूत्रपिंडं बिघडली. उंदरांच्या दुसऱ्या एका जातीत हृदयाचा स्नायू कमजोर होऊन हृदय फुगलं. टी-पेशी आपल्याच शरीरावर तुटून पडत होत्या. पीडी-१ हा त्यांचा ब्रेक होता. अमेरिकेत जेम्स ॲलिसन ज्या सीटीएलए-४ या ब्रेकवर काम करत होते, तो नसलेले उंदीर मात्र तीन-चार आठवड्यांतच दगावत. हा फरक मला या सगळ्या कथेतला सर्वांत मोलाचा वाटतो. पीडी-१ काढलं तरी प्राणी दीर्घकाळ तगतो, म्हणजे औषध म्हणून ते काही काळ रोखून ठेवणं माणसालाही झेपेल, अशी आशा तिथून निर्माण झाली.

कॅन्सरच्या अनेक गाठी हा ब्रेक स्वतःसाठी वापरतात. त्यांच्या पेशींवर पीडी-एल१ नावाचं प्रथिन असतं. जवळ आलेल्या टी-पेशीच्या पीडी-१ ला ते चिकटलं, की टी-पेशी थंडावते. हे चिकटणं अँटिबॉडीने अडवलं तर उंदरांमधली गाठ वाढण्याचा वेग मंदावतो, हे होन्जो यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं. औषध कंपन्या सुरुवातीला कचरतच होत्या. अखेर जुलै २०१४ मध्ये निव्होलुमॅब या पीडी-१ रोखणाऱ्या अँटिबॉडी-औषधाला जपानमध्ये मान्यता मिळाली आणि २०१८ मध्ये होन्जो व ॲलिसन यांना मिळून नोबेल. त्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत होन्जो यांनी आपल्या गोल्फ क्लबातल्या एका सदस्याची आठवण सांगितली. फुप्फुसाच्या कॅन्सरमधून उठून तो पुन्हा खेळू लागला होता आणि आभार मानायला आला होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. केमो थेट गाठीच्या पेशींवर घाव घालते. निव्होलुमॅब गाठीला हातही लावत नाही, ते जाऊन बसतं आपल्याच टी-पेशीवर. म्हणून त्याचे दुष्परिणामही वेगळे: थायरॉइड, आतडी, फुप्फुसं, क्वचित हृदयाचा स्नायू यांना सूज. क्योतोच्या म्हाताऱ्या उंदरांमध्ये जे दिसलं, त्याच्याच जवळचं हे. अनेक रुग्णांमध्ये औषध लागूही पडत नाही, कारण ब्रेक निघाला तरी गाठीला ओळखणारी टी-पेशी मुळात तिथे असावी लागते.

मात्रेचा हिशोबही यातूनच बदलतो. टी-पेशींवरचे पीडी-१ बहुतेक सगळे झाकले गेले, की वरून कितीही औषध ओतलं तरी त्यांना बसायला जागा उरत नाही. आणि हे झाकणं कमी मात्रेतही बऱ्यापैकी साधतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच धागा पकडला. तंबाखू, गुटखा, मिश्रीमुळे आपल्याकडे तोंडा-घशाचा कॅन्सर घरोघरी ऐकू येतो आणि पूर्ण मात्रेचा खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यांनी बरं होण्याच्या पलीकडे गेलेले १५१ रुग्ण घेतले. सगळ्यांना स्वस्तातल्या तीन गोळ्या दिल्या. निम्म्यांना त्याबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. म्हणजे सहा आठवड्यांत ७२० च्या जागी ४०. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के जिवंत होते, औषधाची जोड मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के.

या चाचणीत पूर्ण मात्रेचा गट नव्हता, त्यामुळे कमी मात्रा पूर्ण मात्रेच्या तोडीची आहे असं यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी दोन्ही मात्रा समोरासमोर ठेवून पाहाव्या लागतील. पण ज्याला पूर्ण मात्रा परवडणारच नाही, त्याच्यापुढचा पर्याय २४० की २० असा नसतो. २० की काहीच नाही, असा असतो, आणि तेवढ्याचं उत्तर या आकड्यांत आहे.