ओटावाच्या लाल डगल्यातल्या पहारेकऱ्यांत जायचंय? अर्ज भरण्याआधी हे वाचा

कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, रिडो हॉलच्या (गव्हर्नर जनरलच्या निवासस्थानाच्या) दारात लाल डगला आणि अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी घालून उभी असलेली मुलं बघितली, की आपल्या पोरांना वाटतं, सुट्टीत हे काम आपणही करावं. घोळ इथूनच सुरू होतो. सेरेमोनियल गार्ड, म्हणजे या पहारेकऱ्यांचं पथक, ही सुट्टीतली नोकरी नाही. ते कॅनडाचे सैनिक आहेत, बरेचसे राखीव दलातले. त्यामुळे आधी सैन्यात भरती, मग प्राथमिक लष्करी प्रशिक्षण आणि त्यानंतरच गार्डचा विचार.

परेडचा हंगाम जूनअखेरीपासून ऑगस्टपर्यंत. मे महिन्यात अर्ज टाकून त्याच उन्हाळ्यात उभं राहता येईल अशा भरवशावर दरवर्षी कुणीतरी दुसरं काम सोडतं. तसं करू नका. सुरक्षा पडताळणीला किती महिने लागतील याची खात्री नसते, आणि आधीची वर्षं भारतात गेली असतील तर ती आणखी लांबते. निदान वर्षभर आधी सुरुवात करा.

कॅनडाचे नागरिक किंवा कायम रहिवासी (पी. आर.) असावं लागतं. पी. आर. असलेल्यांसाठी हे दार 2022 च्या अखेरीस उघडलं. स्टडी परमिटवर (विद्यार्थी परवान्यावर) चालत नाही. वय अठराच्या आत असेल तर पालकांची संमती लागते. अर्ज ऑनलाइन, पुढे वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत.

अडतं ते कागदांवर. आपल्याकडच्या कित्येक जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. नाव नंतर नोंदवता येतं, पण कायद्यात त्यासाठी जन्मनोंदणीपासून 15 वर्षांची मुदत आहे, म्हणून महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आजच चौकशी करा. दुसरी अडचण मधल्या नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, पासपोर्टवर वेगळा क्रम. ही एकच व्यक्ती आहे हे समोरच्या कारकुनाला आपोआप कळत नाही, आणि त्याला ते कळेपर्यंत मूल ताटकळत बसतं. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घ्या. भारतातल्या शिक्षणाचं कॅनडात मूल्यांकनही करून ठेवा.

आता सगळ्यात जड गोष्ट. भरती होताना राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. गव्हर्नर जनरल हा कॅनडात राजाचा प्रतिनिधी: विधेयकांना राजसंमती देतो, पंतप्रधानाची नेमणूक करतो आणि 1947 च्या राजाच्या अधिकारपत्रानुसार (लेटर्स पेटंट) सेनादलांचा सरसेनापती म्हणूनही राजाचे अधिकार वापरतो. आपल्याकडचे राज्यपाल राष्ट्रपतींचे प्रतिनिधी असतात. इथे त्या जागी राजा आहे, आणि दारातला पहारा त्या पदाचा मान म्हणून असतो.

भारत सरकारच्या नियमानुसार परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) मिळत नाही. 'मी फक्त उन्हाळ्यात टोपी घालून उभा होतो' असं नंतर सांगण्यात अर्थ नाही, कागदावर तुम्ही सैनिकच असता. गावी आजी-आजोबा आहेत, जमीन आहे, वर्षाआड फेरी होते अशा घरातल्या मुलांनी हा मुद्दा आईवडिलांसोबत बसून बोलावा. कार्ड आधीच असेल किंवा पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर भारतीय वाणिज्य दूतावासाला लेखी विचारा. उत्तर हातात येईपर्यंत शपथेची तारीख स्वीकारू नका.