किंबाप आणि सुशी रोल: खरा फरक भातात

कोरियन हॉटेलात किंबापची ताटली आली की टेबलावरचं कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, ही तर सुशी!" दिसायला दोन्ही सारखेच असतात. बाहेर समुद्रशेवाळाचा काळा पातळ पापुद्रा, आत पांढरा भात, मधोमध रंगीत सारण आणि कापलेल्या गोल चकत्या. मग फरक काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: सुशीत कच्चा मासा असतो, किंबापमध्ये नसतो.

हे उत्तर मला पटत नाही. जपानची कप्पामाकी म्हणजे भातात गुंडाळलेली नुसती काकडी. फुतोमाकी नावाच्या जाड रोलमध्ये अंड्याचं ऑम्लेट, शिजवलेले मशरूम आणि चक्क दुधी भोपळ्याच्या वाळवून गोडसर शिजवलेल्या पट्ट्या असतात. कच्च्या माशाचा पत्ता नसला तरी ती सुशीच असते, कारण तिचा भात सुशीचा असतो.

सुशीच्या भाताला व्हिनेगर, साखर आणि मीठ लावतात. किंबापच्या भाताला तिळाचं तेल आणि मीठ. एवढ्या एका गोष्टीने पुढचं सगळं बदलतं. सुशीत आंबटगोड चव भातातच मुरलेली असते आणि सारण बहुधा एखाद-दुसरंच. वरून सोया सॉस, वासाबी (झणझणीत हिरवी चटणी) आणि आल्याचं लोणचं लागतं. किंबापमध्ये भात सौम्य आणि खमंग, आणि चवीचा सगळा भार सारणावर. पालक उकळत्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून, तीळतेल-मिठात कालवायचा. गाजर परतायचं. अंड्याची पोळी करून तिच्या पट्ट्या कापायच्या. सोबत हॅम, बीफ किंवा मेयोनीजमध्ये कालवलेला ट्यूना. आंबटपणा येतो तो दानमुजीतून, म्हणजे मुळ्याच्या पिवळ्या लोणच्यातून. माझ्या मते दानमुजी नसलेला किंबाप अर्धवटच.

प्रत्येक गोष्ट आधीच चवीला पूर्ण असल्यामुळे किंबाप कशात बुडवावा लागत नाही. वाटी नको, चमचा नको. म्हणूनच कोरियात तो शाळेच्या सहलीच्या डब्यात असतो, डोंगर चढणाऱ्यांच्या पाठपिशवीत असतो, आणि रस्त्यावरच्या छोट्या दुकानांत समोर वळून, चकत्या कापून, फॉइलमध्ये गुंडाळून हातात मिळतो. जोडीला रामयोनचा, म्हणजे कोरियन सूप नूडल्सचा, वाडगा घेतला की जेवण झालं. भात, भाजी, अंडं, लोणचं असं अख्खं ताट एका गुंडाळीत येतं, म्हणून तो रोज खाल्ला तरी कंटाळा येत नाही. सोलच्या ग्वांगजांग बाजारातले बोटाएवढे किंबाप मात्र मोहरीच्या झणझणीत सॉसमध्ये बुडवूनच खातात.

मूळ कुणाचं, यावर वाद आहे. काहींच्या मते १९१० ते १९४५ या जपानी राजवटीत तिकडचा रोल कोरियात आला. काही जण शेवाळात भात गुंडाळून खायच्या जुन्या कोरियन रीतीकडे बोट दाखवतात. मला दोन्हींत तथ्य वाटतं. तीळतेलाचा भात आणि कालवलेल्या भाज्या मात्र अस्सल कोरियन स्वयंपाकातल्या आहेत.

टिकण्याच्या बाबतीत किंबाप नाजूक. त्याच्या भातात व्हिनेगर नाही आणि सारण ओलसर, त्यामुळे उन्हाळ्यात तो लवकर खराब होतो. दक्षिण किनाऱ्यावरच्या तोंगयोंगचा चुंगमू किंबाप यातूनच जन्मला असं सांगतात: शेवाळात नुसता भात, आणि तिखट स्क्विड व मुळ्याची किमची (आंबवलेलं तिखट लोणचं) वेगळी, म्हणजे समुद्रावर नेलं तरी जेवण नासत नाही. आपल्या मे महिन्यात सकाळी केलेला किंबाप दुपारपर्यंत बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवला तर भात कडक होतो. त्यावर कोरियन घरांतला उपाय फार छान आहे: चकत्या फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर परतायच्या.

घरी करताना बासमती नको, दाणे सुटे राहतात आणि चकती विस्कटते. इंद्रायणी उत्तम, त्याचा चिकटपणा इथे कामी येतो. तेलात मात्र तडजोड करू नका. कोरियन तेल भाजलेल्या तिळांचं असतं. आपल्या घाण्याच्या कच्च्या तिळांच्या तेलाला तो वास नाही. दानमुजी मिळाली नाही तर मुळ्याच्या लांब पट्ट्या व्हिनेगर, साखर, मीठ आणि चिमूटभर हळदीत रात्रभर मुरवा. भात कोमट झाल्यावरच शेवाळाच्या खरखरीत बाजूवर पातळ पसरा, पलीकडची दोन बोटं कड मोकळी सोडा आणि घट्ट वळा. पालक नीट पिळला नसेल तर शेवाळ ओलं होऊन फाटतं. वरून तेलाचा हात फिरवा, सुरीलाही थोडं तेल लावा आणि बोटभर जाडीच्या चकत्या कापा. शाकाहारी घरात हॅमऐवजी सोया सॉसमध्ये परतलेलं टोफू छान लागतं.