ऑटोमॅटिक एसयूव्हीला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचाय? पाना हातात घेण्याआधी नागपूर आरटीओची वाट धरा

दिल्लीहून स्वस्तात आणलेली सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही नागपुरात आता नवलाची राहिलेली नाही. वर्ष-दोन वर्षं ती लोण्यासारखी चालते. मग एका मे महिन्यात रविनगर चौकाच्या सिग्नलवर 'डी'मध्ये टाकली की धाडकन झटका देते, आणि महिनाभरात एकाच गिअरमध्ये अडकून बसते. दुरुस्तीचा आकडा लाखांत निघतो. अशा वेळी कुणीतरी सांगतंच, "भाऊ, काढून टाका ते ऑटोमॅटिक, साधा मॅन्युअल बसवून देतो."

माझ्या साडूच्या गाडीचं नेमकं हेच झालं. गिअरबॉक्स खाली उतरल्यावर आम्ही कागदांची चौकशी सुरू केली. क्रम उलटा पडला आणि गाडी पाच महिने शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं नीट सांगतो.

कायद्यात बसतं का?

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 आधी समजून घ्या. कंपनीने मुळात दिलेला तपशील आणि आरसीवरची (नोंदणी प्रमाणपत्रावरची) नोंद यांत तफावत पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही, हे त्याचं सार. बदल म्हणजे काय, तेही त्याच कलमात आहे: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली आणि तिथल्या उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182 अ आलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

"सीएनजी किट चालतं, मग गिअरबॉक्स काहून नाही?" हा प्रश्न हमखास येतो. इंधन बदलण्यासाठी कलमातच वेगळी मुभा दिलेली आहे, किटच्या मंजुरीचे नियम ठरलेले आहेत. गिअरबॉक्ससाठी अशी तयार वाट नाही. म्हणून इथे प्रत्येक गाडीचा विचार स्वतंत्र होतो आणि लेखी उत्तराशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मेकॅनिक म्हणेल, आरसीवर इंजिन आणि चेसिस नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, कोणाला कळणार? आरसी हातात घ्या आणि मॉडेलचा रकाना वाचा. बऱ्याच गाड्यांच्या नावाला शेवटी 'एटी', म्हणजे ऑटोमॅटिक, चिकटलेलं असतं. तपासणीत निरीक्षकाने दार उघडलं आणि खाली तीन पेडल दिसले, की तफावत तिथेच उघडी पडते.

कोणत्या गाडीचा अर्ज टिकू शकतो?

पहिला गट त्या गाड्यांचा, ज्यांचं तेच मॉडेल, तेच इंजिन आणि तोच उत्सर्जन मानक असलेली मॅन्युअल आवृत्ती कंपनीने भारतात विकलेली आहे. उदाहरणार्थ टोयोटा फॉर्च्युनरचं 2.8 लिटर डिझेल इंजिन दोन्ही प्रकारांत मिळतं. इथे मंजूर झालेला नमुना अस्तित्वात आहे, त्यामुळे बोलायला जागा आहे.

दुसरा गट परदेशातच मॅन्युअल मिळालेल्या गाड्यांचा. लँड रोव्हर डिस्कव्हरी 3 चं 2.7 लिटर डिझेल ब्रिटनमध्ये सहा गिअरच्या मॅन्युअलसह विकलं गेलं. सुटे भाग तिथून मागवता येतात, पण परदेशातली मंजुरी इथे चालत नाही. पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेसारख्या, केंद्रीय मोटार वाहन नियम 126 मध्ये नाव असलेल्या संस्थेच्या चाचणीशिवाय अर्जाला आधार राहत नाही. एका गाडीसाठी तो खर्च ऐकलात, तर मूळ ऑटोमॅटिक दुरुस्त करणंच परवडेल. आणि ज्या गाडीला जगात कुठेच मॅन्युअल आलं नाही, तिच्या बाबतीत माझा सरळ सल्ला आहे: नाद सोडा.

पहिल्या गटातही गाफील राहू नका. 2021 पासूनच्या त्याच फॉर्च्युनरमध्ये ऑटोमॅटिकला 500 न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) मिळतो, मॅन्युअलला 420. इंजिन एकच, पण संगणकातली आज्ञावली वेगळी. नुसता गिअरबॉक्स बदलला आणि आज्ञावली ऑटोमॅटिकचीच ठेवली, तर क्लच आणि गिअरवर नेमून दिल्यापेक्षा जास्त जोर येतो. शिवाय गिअरबॉक्सच्या संगणकाकडून येणारे संदेश बंद झाले, की इंजिनचा संगणक दोष धरतो आणि गाडी 'लिंप मोड'मध्ये जाते, म्हणजे ताकद कमी करून कशीबशी चालते. टॉर्क कन्व्हर्टरची ड्राइव्ह प्लेट जाऊन फ्लायव्हील येतं, क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग लागतं, पेडलचा पूर्ण संच बदलतो, आणि गिअरबॉक्सची लांबी वेगळी असेल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकांकडे जोर नेणारा दांडा) व क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला आधार देणारी चेसिसची आडवी पट्टी) हेही बदलतात. साडूच्या गाडीत क्रॉस मेंबरची भोकं जुळली नाहीत, तर कारागीर चेसिसवर वेल्डिंग करायला निघाला होता. मी त्याचा हात धरला. चेसिस कापणं किंवा त्यावर वेल्डिंग करणं म्हणजे रचनेतला बदलच, त्यावर कुठलाही निरीक्षक सही देणार नाही.

कागद

मूळ आरसी, चालू विमा, वैध पीयूसी, आधार, पॅन आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा हे नेहमीचं. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट आधी लावून घ्या, नाहीतर बाकीची कामं अडतात. जुना ई-चलनाचा दंड असेल तोही भरून टाका.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं लेखी संमतीपत्र लागेल. तोंडी होकारावर विसंबू नका, कारण हप्ते फिटेपर्यंत गाडी बँकेकडे तारण असते.

खरा जीव मात्र पुढच्या तीन कागदांत आहे. पहिलं, कंपनीचं किंवा चाचणी संस्थेचं पत्र, की या इंजिनसोबत हा गिअरबॉक्स मंजूर आहे. पत्रात भागाचा क्रमांक असलाच पाहिजे. दुसरं, गिअरबॉक्सचं जीएसटी बिल, त्यावर गिअरबॉक्सवर कोरलेला क्रमांक लिहिलेला. भंगारातून घेत असाल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातूनच घ्या आणि तो कुठल्या गाडीचा आहे याची नोंद मागा. चोरीच्या गाडीचा निघाला, तर प्रकरण आरटीओतून पोलीस ठाण्यात जातं. तिसरं, काम करणाऱ्या वर्कशॉपचं लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र, त्यात काय काढलं आणि काय बसवलं याचा तपशील.

अर्ज कसा करायचा?

गाडी परराज्यातली असेल, तर आधी तिला महाराष्ट्रात आणा. मूळ आरटीओचं फॉर्म 28 वरचं ना हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स, नवा नंबर आणि नावावर हस्तांतरण ही कामं पूर्ण करा. नागपुरात एमएच 31 शहर, एमएच 40 ग्रामीण आणि एमएच 49 पूर्व नागपूर अशी तीन कार्यालयं आहेत. तुमच्या पत्त्यावरून कुठलं लागू होतं ते ठरतं. शहराचं कार्यालय अमरावती रोडवर गिरीपेठेत आहे.

मग गाडीला हात न लावता, प्रस्तावित बदलासाठी परवानगी मागणारा साधा अर्ज लिहा. वरचे कागद जोडा आणि आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारीख व आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. ही पोच जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर त्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन माहिती अधिकारात 'माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. बदल चालेल का, असं मत त्यात विचारू नका; माहिती अधिकारात मत मिळत नाही, नोंद मिळते. नकार आला तर तोही लेखी घ्या. साडूला नकारच आला. शेवटी त्याच गाडीचा ऑटोमॅटिक दुरुस्त करून परत चढवला, आणि आज ती बिनघोर रस्त्यावर आहे.

लेखी परवानगी मिळाली तर काम करा. काम झाल्यापासून 14 दिवसांत आरसीत नोंद करून घेण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. वाहन पोर्टलवर बदलाची सेवा निवडून फी भरा आणि तपासणीची वेळ घ्या. त्या दिवशी चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा लागतो; ग्रीस आणि माती आदल्या दिवशीच पुसून घ्या, आकडा अर्धवट उमटला की पुन्हा हेलपाटा. मागचा रिव्हर्स दिवा लागतो ना, तेही बघा. मॅन्युअल गिअरबॉक्सवर त्याचा स्विच वेगळा असतो आणि तो जोडायचा हमखास राहून जातो.

विमा आणि लायसन्स

विमा कंपनीला काम सुरू करण्याआधी लेखी कळवा आणि नोंद झाल्यावर पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या. दडवून ठेवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला सापडला, तर दावा अडतो. तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली असेल, तर भरपाई तुमच्या खिशावर येऊ शकते.

लायसन्सची चिंता नको. आपल्याकडे हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल दोन्ही चालवता येतात. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत सोय करून घेणं हा मात्र पूर्ण वेगळा विषय आहे. त्यासाठी कायद्यात 'अनुकूलित वाहन' अशी स्वतंत्र तरतूद आहे.

नवी आरसी आली की घरी न्यायच्या आधी खिडकीवरच मॉडेलचा रकाना वाचा. तिथे जुनंच नाव छापून आलं असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या, आणि त्याचीही पोच घ्या.