ग्रीसमधला ईस्टर: कधी काय म्हणायचं

(२०२७ च्या ईस्टर सहलीला येणाऱ्या प्रवाशांसाठी)

मे महिन्यात कसला ईस्टर, असं बऱ्याच जणांनी फोनवर विचारलं. ग्रीक चर्च या सणाची तारीख जुन्या ज्युलियन पंचांगावरून काढतं. त्यामुळे २०२७ मध्ये आपल्याकडचा ईस्टर २८ मार्चला होऊन जाईल, आणि तिथला येईल २ मे रोजी.

ग्रीक शिकून येण्याची गरज नाही. सणाचे चार शब्द पुरेत, फक्त वेळ सांभाळा. आधीच्या आठवड्यात दुकानातून निघताना ‘कालो पास्खा’ म्हणा, म्हणजे ईस्टरच्या शुभेच्छा. ‘काली आनास्तासी’ (शुभ पुनरुत्थान) हेही चालतं, पण शनिवारी मध्यरात्रीपर्यंतच. त्या रात्री चर्चमधले दिवे मालवतात आणि एका ज्योतीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटत जातात. बाराच्या ठोक्याला घंटा, फटाके, आणि जो तो शेजाऱ्याला म्हणतो ‘ख्रिस्तोस आनेस्ती’, ख्रिस्त उठला. यावर नुसतं हसू नका, ‘आलिथोस आनेस्ती’ म्हणा, म्हणजे खरोखरच उठला. इतकं अवघड वाटलं तर ‘ख्रोन्या पोला’ म्हणा. वाढदिवसापासून नाताळापर्यंत कुठेही खपतं. यातला ‘ख’ उर्दूतल्या ‘खबर’सारखा घशातून, आणि जोर ‘ला’वर.

मेणबत्तीला ‘लांबादा’ म्हणतात. मेण गळतं, आणि गर्दीत पुढच्याचे केस तुमच्या ज्योतीच्या अगदी जवळ असतात. ओढणी, पदर नीट खोचून घ्या.

आता जेवण. सणाआधीच्या उपासाच्या पदार्थांना ‘निस्तीसिमा’ म्हणतात. त्यात मांस, अंडी, दूध नसतं, पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात! तेव्हा उपासाचं म्हणजे शाकाहारी असं धरून चालू नका. ‘खोरीस क्रेआस’ (मांसाशिवाय) एवढं म्हणूनही भागत नाही, मासे नकोत हे वेगळं सांगा. शनिवारी मध्यरात्रीनंतर उपास सोडतात तो ‘मायिरीत्सा’ या सुपाने, आणि त्यात कोकराचं काळीज, आतडी असतात. सोबत ‘त्सुरेकी’ हा गोडसर पाव असतो, त्यात अंडं असतं. मग लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटायची. ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं. हा खेळ मात्र अंडी न खाणाऱ्यांनीही खेळावा.

शाकाहारी मंडळींनी तसं नोंदणीच्या वेळीच कळवावं. सणाच्या रात्री तिथली स्वयंपाकघरं ऐनवेळी वेगळं ताट लावत नाहीत.