सांडपाणी ते पिण्याचे पाणी: आरओच्या पुढची लढाई

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, ऑरेंज काउंटीत, २००८पासून सांडपाणी पिण्याच्या दर्जापर्यंत शुद्ध करून जमिनीत मुरवतात. तेच पुढे विहिरींतून नळाला येते. २०२३च्या विस्तारानंतर प्रकल्पाची क्षमता दिवसाला सुमारे ४९ कोटी लिटर झाली. पाणी नितळ करणे हा यातला सोपा भाग. जे दिसत नाही आणि आरओलाही पुरते अडत नाही, ते काढण्यात सगळे कसब आहे.

मैलापाणी केंद्रातून आलेले पाणी आधी पोकळ धाग्यांच्या गाळणीतून जाते. छिद्रे ०.२ मायक्रॉनची. जिवाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी इथे अडतात, पण बरेच विषाणू निसटू शकतात. हजारोंतला एखादा धागा तुटला तरी पाणी स्वच्छच दिसते. म्हणून धाग्यांत हवा भरून दाब किती वेगाने उतरतो ते तपासतात; पंक्चर शोधावे तसे.

पुढे आरओ, म्हणजे मेम्ब्रेन या अतिबारीक पडद्यातून पाणी दाबाने काढणे. आपल्या घरचा आरओ बहुधा जितके पाणी देतो त्याहून जास्त मोरीत सोडतो. इथे मात्र ८५ टक्के हाती लागते, कारण पहिल्या टप्प्यात उरलेले खारट पाणी दुसऱ्या आणि मग तिसऱ्या टप्प्यातून पुन्हा दाबाने काढतात. क्षार साचून मेम्ब्रेन बुजू नये म्हणून आधी आम्ल आणि क्षाररोधक मिसळतात. शेवटचे १५ टक्के समुद्रात जाते. नामिबियातले विंडहुक समुद्रापासून दूर आहे. तिथे १९६८पासून असे पाणी थेट नळाला देतात, पण त्यासाठी आरओ न वापरता ओझोन आणि सक्रिय कोळशावर भर दिला आहे.

खरा पेच क्लोरीनचा आहे. मेम्ब्रेनवर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसू नये म्हणून क्लोरीन हवे, पण मोकळे क्लोरीन मेम्ब्रेनच खाते. त्यामुळे क्लोरीन अमोनियाशी जोडलेल्या सौम्य रूपात, म्हणजे क्लोरामाइन म्हणून ठेवतात. याच क्लोरामाइनमुळे एनडीएमए हा कर्करोगकारक मानला जाणारा पदार्थ तयार होऊ शकतो. त्याचा रेणू इतका लहान आणि विद्युतभाररहित असतो की बराचसा आरओतून पार होतो. कॅलिफोर्नियात त्याची सूचना-पातळी, म्हणजे जिच्यापुढे गेल्यास प्रशासनाला कळवावे लागते ती मर्यादा, लिटरमागे १० नॅनोग्रॅम आहे.

त्याला तोडतात ते अतिनील किरण. त्यासाठी निर्जंतुकीकरणाला लागते त्याच्या कितीतरी पट मात्रा द्यावी लागते. सोबत थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. किरणांनी ते फुटून हायड्रॉक्सिल मूलके, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, बनतात आणि किरणांना न जुमानणारे १,४-डायऑक्सेनसारखे द्रावक ती जाळतात. ॲसिटोन हे कार्बनयुक्त द्रावक मात्र आरओ आणि ही किरण-पेरॉक्साइड प्रक्रिया या दोन्हींना बऱ्यापैकी चुकवते. ते कारखान्यांच्या गटारातच रोखावे लागते. म्हणूनच सेंद्रिय कार्बनचे मोजमाप अखंड चालू ठेवणे मला कोणत्याही मेम्ब्रेनइतकेच मोलाचे वाटते.

आता पाणी इतके शुद्ध झालेले असते की ते सिमेंटच्या नळांतला चुना विरघळवते. म्हणून कार्बन डायऑक्साइड हवेने काढून चुना मिसळतात. पण त्यानंतरही एक अडचण उरली. असे पाणी मुरते तिथे जमिनीतल्या मातीतून आर्सेनिक सुटत असल्याचे संशोधकांना आढळले. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि आर्सेनिकवरही. त्यांना जोडून ठेवणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम पाण्यात कमी पडले की आर्सेनिक सुटते. त्यामुळे चुन्याची मात्रा ठरवताना नळांबरोबर त्या मातीचाही विचार करावा लागतो.